मापाला उभी हुहाना

रेवीने आणखी एक स्लाइड डब्यातून काढली, तिच्यावर फुंकर मारली, खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून पाहिली. मग ती डाव्या ढिगात टाकली. डावा ढीग नापासांचा. उजवीकडे टेबल सकाळपासून मोकळंच होतं.

"आता त्यात काय खोट निघाली?" हेनीने विचारलं. ती रताळी सोलत होती आणि सोलता सोलता पहाराही देत होती.

"हुहानाच्या मांडीवर टेरीना आहे."

"मग गेली."

टेबलाच्या टोकाला लॅपटॉप आणि स्कॅनर मांडून बसलेली टेरीना हसली. रेवीची ही थोरली नात या कामासाठी दोन दिवस रजा काढून आली होती.

"माझ्यामुळे किती फोटो बाद झाले, कोरो?"

"निम्मे तरी," आजोबांनी सांगितलं. "जन्मल्यापासून आजीच्या कडेवरून उतरलीसच कुठे?"

शनिवारी हुहानाच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं होतं. तिला जाऊन वर्ष झालं. दगड तयार होता, जेवणाला डुकरं सांगून ठेवली होती, ऑकलंडहून तीन गाड्या भरून माणसं यायची होती. कापड निघालं की तिचा फोटो मराएवर, आम्हा माओरींच्या गावकीच्या आवारात, न्यायचा आणि सभाघराच्या भिंतीवर तिच्या आईच्या शेजारी लावायचा. त्या भिंतीवर सगळे गेलेलेच असतात. जिवंत माणसाला तिथे जागा नाही. त्याचा हात नाही, कोपर नाही, फ्रॉकची झालरसुद्धा नाही. मेलेल्यांच्या रांगेत जित्या माणसाला बसवणं म्हणजे त्याला वरचं बोलावणं धाडणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गिस्बर्नच्या दुकानात चौकट करून ठेवली होती. दुकानदाराला फोटो गुरुवारी हवा होता, आणि आज मंगळवार होता.

आता गंमत बघा. अख्ख्या किनाऱ्यावर रेवीइतके फोटो कोणी काढले नसतील. शाळेची बस चालवायची आणि सुट्टी लागली की गाडीला कॅरॅव्हॅन जोडून बायकोसह निघायचं, असं त्याने चाळीस वर्षं केलं. दोन्ही बेटांवरचा एक धबधबा सोडला नाही. कपाटात स्लाइडचे डबेच्या डबे होते, प्रत्येकावर साल आणि ठिकाण. आणि त्यात बायकोचा एकटीचा, चेहरा नीट दिसेल असा एक फोटो मिळत नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"लग्नाचा चांगला आहे," हेनी म्हणाली.

"त्यात मी आहे."

"तेच ना. आणि तू अजून आहेस."

"त्याला मी काय करू?"

"मी कुठे काय म्हटलं? आहे ते सांगितलं."

हेनी ही हुहानाची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, जीभ पंचविशीची. भिंतीवर कोण कुठे लागायचं याचा शेवटचा शब्द तिचा, आणि पहिलाही तिचाच असायचा.

"मी मला कापून टाकते," टेरीना म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे, नॅन."

"तुझा हात तिच्या गळ्यात आहे, पोरी," हेनी म्हणाली. " तो कापशील तर तिचा गळा जाईल. आपल्या त्या खालच्या आळीतल्या म्हाताऱ्याचा असाच कापून लावला होता. खांद्यावर चार बोटं राहून गेली. त्या बोटांचा मालक अजून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतोय."

"त्याला मधुमेह आहे."

"फोटो लावायच्या आधी नव्हता."

तसे एकटीचे फोटो नव्हते असं नाही. त्यांचा वेगळा ढीग होता आणि तोच रेवीला बोचत होता. हिमनदी, धरण, झुलता पूल, कडे, धबधबे. प्रत्येकात हुहाना होती, एकटी होती, पण काडीच्या गुलाएवढी. कारण रेवीचा एक सिद्धान्त होता. डोंगर केवढा आहे हे कळायचं तर शेजारी माणूस पाहिजे. "तू जरा मापाला उभी राहा," तो म्हणायचा. ती काही न बोलता दगडधोंड्यांतून चालत जायची आणि हा इथून ओरडायचा, "डावीकडे! अजून दोन पावलं!" तिने लांबून काही म्हटलं तरी वाऱ्यात ते विरून जायचं.

"चाळीस वर्षं माझ्या बहिणीची मोजपट्टी केलीस," हेनी म्हणाली. सोलायची सुरी तिच्या हातातच होती.

रेवी ढिगातल्या स्लाइड सारख्या करत राहिला. त्याला लाज वाटत होती. शनिवारी आईशेजारची जागा रिकामी राहिली तर ती का राहिली हे सगळ्या गावाला कळणार होतं. पण गावाचं एक वेळ जाऊ दे. गेल्या काही महिन्यांत तिचा चेहरा आठवायला त्याला कष्ट पडू लागले होते. डोळे मिटले की पिवळा रेनकोट दिसायचा, चालण्याची ढब दिसायची आणि चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. भिंतीवर ती असली की रोज जाऊन बघता येईल, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

"यातली एखादी द्या," टेरीनाने छोट्या हुहानांच्या ढिगाकडे हात केला. "मोठी करून बघू तरी."

"एवढंसं माणूस मोठं करून काय दिसणार?" हेनी म्हणाली. "डाग दिसेल."

"माझ्या लेन्सला नावं ठेवू नकोस," रेवी एकदम तापला. "दोन महिन्यांचा पगार घातला होता तिच्यात. समोरच्या कड्यावरचं गवत मोजता येतं."

"गवत मोज मग."

टेरीनाने त्याच्या हातातून हिमनदीची स्लाइड घेतली आणि स्कॅनरमध्ये सरकवली. यंत्र बराच वेळ घुर्र घुर्र करत राहिलं. पडद्यावर निळा बर्फ आला. तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला, बर्फ बाजूला सारत कोपऱ्यातल्या पिवळ्या ठिपक्यापाशी गेली. ठिपक्याचा रेनकोट झाला. रेनकोटाच्या वर चेहरा आला. भुरकट होता, कडा विरलेल्या होत्या, पण हुहानाच होती. तिने डोळे फाडले होते, हनुवटी पुढे काढली होती आणि जीभ पार बाहेर.

तिघांची डोकी पडद्यापाशी आली.

"स्लाइडवर धूळ बसली असेल," रेवी म्हणाला.

"धुळीला दात असतात का, कोरो?"

टेरीनाने घाईघाईने धरणाची स्लाइड लावली. धरणाच्या भिंतीवर हुहाना दोन्ही अंगठे कानांत घालून पंजे फडफडवत होती, जीभ बाहेर. झुलत्या पुलावर एका पायावर उभी, जीभ बाहेर. एकोणीसशे एकाहत्तरच्या धबधब्याखाली, पंच्याऐंशीच्या कड्यावर, केस काळे असताना, केस पांढरे झाल्यावर, जीभ बाहेर आणि डोळे वटारलेले.

"पूकाना!" हेनी किंचाळली. "अगं बया, पूकाना करत उभी आहे! शाळेच्या नाचात पहिल्या रांगेत करायची तस्साच! दर वेळी! ह्याच्या तोंडावर!" ती इतकी हसली की तिला कवळी काढून हातात घ्यावी लागली. टेरीना टेबलावर डोकं ठेवून हसत होती. रताळी जमिनीवर घरंगळली ती कोणी उचलली नाहीत.

रेवी मात्र हसला नाही. तो पडद्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"हेनी, ती चिडली होती का गं माझ्यावर?"

हेनीने कवळी परत बसवली. डोळे पुसले.

"चिडली असती तर येऊन गाडीत बसली असती आणि दोन दिवस बोलली नसती. मला काय माहीत नाही ती? अरे बाबा, वाट बघत होती. आज ना उद्या ह्याच्या लक्षात येईल म्हणून."

"चाळीस वर्षं?"

"आमच्या घराण्यात चिकाटी आहे."

रेवीला हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळी आठवल्या. घराच्या भिंतीला चादर लावायची, शेजारीपाजारी जमवायचे, प्रोजेक्टर सुरू करायचा आणि प्रत्येक स्लाइडला माहिती सांगायची. धबधबा किती फूट, पूल कोणत्या साली बांधला. सगळे चादरीकडे बघायचे. हुहाना त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून त्याच्याकडे बघायची, आणि पुढची स्लाइड लावण्याआधी हमखास विचारायची, "नीट बघितलीस का रे?" त्याला वाटायचं, बायकोला फोटोग्राफीची गोडी आहे. तो तिला धबधब्याची उंची परत सांगायचा.

त्याने ते दोघींना सांगितलं नाही. नाक शिंकरलं आणि म्हणाला, "केप रेइंगाचं लाव. दीपस्तंभाचं. तिथे मला मागे सरायला जागाच नव्हती."

त्या फोटोत ती सगळ्यांत मोठी निघाली, पडद्यावर चांगली बोटभर. वारा केस उडवत होता, मागे दोन समुद्र एकमेकांत शिरत होते आणि ती थेट त्याच्याकडे बघत होती. जीभ अर्थातच बाहेर. पण मोठं केल्यावर डोळेही नीट दिसत होते, आणि त्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. रेवी बघत राहिला. चेहऱ्याच्या जागचा तो नुसता उजेड कुठच्या कुठे गेला.

"हाच," तो म्हणाला.

हेनीचं हसू थांबलं. "हाच काय? माझ्या आईच्या शेजारी जीभ काढलेली बाई? आणि केप रेइंगाला! जिथून मेल्यावर आपण सगळे शेवटची उडी मारतो, तिथे उभी राहून? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"रेवी, भिंतीचा काही आब आहे."

"भिंतीवरच्या खांबांत आपले पूर्वज कोरलेत ना?" रेवी म्हणाला. आयुष्यात तो हेनीशी फारसा वादात पडला नव्हता. "त्यांतला जीभ आत ठेवलेला एक तरी मला दाखव. दाखव, आणि मग मी ही स्लाइड चुलीत घालतो."

हेनीने सोलायची सुरी टेबलावर ठेवली.

"बाकीच्या सगळ्या फोटोंत ती पोरांकडे बघते आहे," रेवी म्हणाला. "माझ्याकडे फक्त ह्यांच्यातच बघते."

हेनी वाकली. जमिनीवरची रताळी एकेक करून भांड्यात टाकू लागली. सगळी गोळा झाल्यावर म्हणाली, "थोडा फिकट काढायला सांग दुकानदाराला. माझ्या आईला एकदम धक्का नको."

शनिवारी कापड निघालं. काळ्या कपड्यांतल्या बायका चौकट छातीशी धरून, रडत, हेल काढत सभाघरात आल्या. ज्या म्हातारीच्या हातात चौकट होती तिने दाराशी ती नीट पाहिली आणि तिचा हेल मध्येच तुटला. मग तिने तो दुप्पट जोराने धरला, पण खांदे हसण्याने गदगदत होते. प्रार्थना झाली. भाषणं झाली. हुहाना आपल्या आईच्या शेजारी लागली, आणि आईचा मुळातच कडक चेहरा आणखी कडक झाल्याचा पुष्कळांना भास झाला. हेनी दाराशी उभी राहून लोक काय म्हणतात ते ऐकत होती. लोक हसत होते, डोळे पुसत होते आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत होते.

सगळे जेवणघराकडे गेले. रेवी मागे राहिला. तो भिंतीसमोर गेला, चष्मा पुसला आणि दोन पावलं डावीकडे सरकला. मग त्याने एकदा दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

एकोणऐंशी वर्षांच्या रेवीने डोळे विस्फारले, हनुवटी पुढे काढली आणि होती तेवढी सगळी जीभ बाहेर काढली. जेवणाची दुसरी हाक आली तरी त्याने ती आत घेतली नाही.