मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर निश्चयाचे फार पक्के होते. म्हणजे निश्चय करण्यात पक्के. पाळायचं काम त्यांनी बहुधा दुसऱ्या कुणावर सोपवलं असावं. गोड सोडायचा निश्चय सकाळी जन्माला यायचा आणि दुपारच्या चहात बिस्किटाबरोबर विरघळायचा. शेवटी त्यांनी ध्यानवर्गात नाव घातलं. तिथले बौद्ध भिक्खू, म्हणजे भन्ते, अधिष्ठान समजावून सांगत. एकदा ठरवलं की तासभर बसायचं, हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत, आणि हे सगळं दात-ओठ न खाता करायचं. मास्तरांनी त्यातलं न हलणं तेवढं उचललं. दर रविवारी ते दात-ओठ खाऊन बसत आणि घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळत.

तेल आणून देणारी बायको इस्पितळात नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना घरोघरी जाऊन बघायचं काम तिला हवं होतं. वर्षानुवर्षं मागितल्यावर ते एकदाचं मिळालं, पण गाडी स्वतः चालवायची अट होती. लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर जागा दुसरीला जाणार, हे साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. गावभरच्या लोकांना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरीच ही गत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तो अडीअडचणीला वापरायचा. आमच्या मास्तरांचा पाय मात्र तिथे मुक्कामालाच असे, म्हणून शिकणारी मंडळी पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. बायको चालवत असली की तो पाय आणखी जड व्हायचा. लांब कुठे सायकल दिसली, दाबला. कोपऱ्यावर मांजर बसलेलं दिसलं, दाबला. गाडी आपोआप थांबतेय म्हटल्यावर बायकोच्या पायाला घाई कसली? परीक्षकांच्या गाडीत मात्र कुणीच तिच्यासाठी ब्रेक दाबेना, आणि दोन्ही वेळा गाडी पांढरी रेघ ओलांडून गेली.

"तुझं लक्ष नसतं," मास्तर म्हणाले.

"अहो, माझा नवरा मास्तर नसता ना, तर मी कधीच पास झाले असते," बायको म्हणाली आणि शांतपणे चहा पिऊ लागली.

हे बोलणं मास्तरांना फार लागलं. रविवारी त्यांनी ते भन्त्यांच्या कानावर घातलं. भन्त्यांनी अगदी सहानुभूतीने ऐकून घेतलं.

"ती चालवते तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी? मी कुठे काय करतो? पाय आपोआप जातो."

"अस्सं. म्हणजे इथे सतरंजीवर पाय हलत नाही आणि तिथे थांबत नाही," भन्ते हसून म्हणाले. "मग अधिष्ठान करायचं कुठे, ते सापडलं की तुम्हाला."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी गाडीत बसून चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. वर पट्टाही लावला.

"हे काय? इथे ध्यानाला बसणार?"

"तासभर पाय खाली येणार नाही. चालव तू."

"आणि मी कुठे धडकले तर?"

"नाही धडकणार," मास्तर म्हणाले आणि पट्टा आणखी आवळून घेतला.

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. मास्तर श्वासाकडे बघू लागले. श्वास येतोय, श्वास जातोय, समोरून ट्रकही येतोय. पहिल्या सिग्नलला गाडीचं नाक रेघेच्या पुढे गेलं आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंनी दोघांचा उद्धार केला. मास्तर एवढंच म्हणाले, "जरा आधी." पुढच्या सिग्नलला ती फारच आधी थांबली. त्याच्या पुढच्याला बरोबर थांबली.

तेवढ्यात उभ्या टेम्पोच्या आडून एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन थेट गाडीसमोर आला. मास्तरांची मांडी उधळली. पण पायाला केव्हाच मुंग्या आल्या होत्या. तो ब्रेकपर्यंत पोचलाच नाही, समोरच्या खणावर टाच आपटून लोंबकळत राहिला. मास्तरांनी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा गाडी उभी होती. काचेसमोरून शिडीचं शेवटचं टोक सावकाश निघून गेलं. रंगाऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

ब्रेक तिने दाबला होता. तिचा तिने, वेळेवर. मास्तरांना एकदम भरून आलं. हिला काही झालं तर, या एका भीतीने ते इतके दिवस ब्रेक दाबत होते आणि तिलाच बेसावध म्हणत होते. आपली भीती आपण हिच्या माथी मारली, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"अहो, हललात तुम्ही," बायको म्हणाली.

"हललो."

"मोडलं ना अधिष्ठान? आता घरी जाऊन बिस्किटं?"

मास्तरांनी मुंग्या आलेला पाय दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा मांडी घातली. या खेपेला दात आवळले नाहीत.

"पुन्हा बसतो," ते म्हणाले. "चल, घे गाडी."

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मैदानाबाहेर मास्तर कठड्यावर बसले होते. आत गाडी रेघेकडे निघाली तसा त्यांचा पाय जमिनीवर रुतला. लक्षात आल्यावर त्यांनी तो उचलला. वळणावर पुन्हा रुतला, पुन्हा उचलला. शेजारी बसलेले गृहस्थ थोडे सरकून बसले.

बायको पास झाल्याचा कागद फडकवत बाहेर आली. तिची नजर आधी मास्तरांच्या पायाखालच्या मातीकडे गेली. तिथे टाचेने चांगला खड्डा पडला होता.

"किती वेळा दाबलात?"

"मोजलं नाही गं."

"आणि उचललात किती वेळा?"

मास्तरांनी जरा विचार केला. "जितक्या वेळा दाबला, तितक्या वेळा."

बायकोने मास्तरांच्या गुडघ्यावरची धूळ झटकली आणि हात पुढे केला. मास्तरांनी त्या हातात किल्ली ठेवली आणि मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले.