कानोरचा शिरका आणि तांबडा कोंबडा

लोलो कानोरचा, म्हणजे कानोर आजोबांचा, आंबवलेल्या नीरेचा शिरका इतका जहाल, की त्याच्या वासानं खाडीतल्या मगरीला शिंका येत आणि भरतीचं पाणी दोन पावलं मागे सरून, नाक धरून उभं राही. हे कानोरच सांगायचा, आणि त्यातली मगर दर खेपेला हातभर वाढायची.

पण थापेला नुसता ऐकणारा असून भागत नाही, मध्येच तोडणारा लागतो. वाण्याच्या दुकानापुढच्या बाकड्यावर पूर्वी असे तिघे होते. एक मेला, एक लेकीकडे कॅनडात बर्फ उपसायला गेला, आणि तिसऱ्याचे कान गेले. तो बिचारा अजून येऊन बसे, पण भलत्याच जागी हसे. बायको लुदिविना वारल्यापासून तर घरात बोलायला शिरक्याचे रांजणच उरले होते, आणि रांजण काही झालं तरी बुडबुड्यांपलीकडे उत्तर देत नाहीत.

मनिलातली नोकरी सुटली तशी भाची मारिवेल एक पेटी आणि दोन फोन घेऊन त्याच्या दारात उतरली. आठवडाभर तिनं रांजण पाहिले, चव घेतली, डोळे पुसले आणि मामाला म्हणाली, "तियो, एवढा फक्कड शिरका, आणि त्याला ना नाव, ना चेहरा. ऑनलाइन तुम्हाला ओळखतं कोण?"

"मगर ओळखते."

"मगरीचं खातं आहे का?"

कानोर कितीतरी दिवसांनी हसला. तिनं त्याचाच सुरकुतलेला चेहरा बाटलीवर छापला, 'कानोरचा शिरका' नावाचं पान उघडलं आणि त्याला धडा दिला. "आपली माणसं वस्तू विकत घेत नाहीत तियो, नातेवाईक घेतात. येईल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. परदेशातल्याला आधी विचारायचं, जेवलास का. शिरका त्यानंतर."

दुपारची झोप झाली की फोन बांबूला बांधायचा आणि लाइव्ह बसायचं. ज्याला बाटली हवी तो 'माईन' लिहितो, म्हणजे 'माझी'. कानोरनं त्याचं नाव पुकारायचं, चिठ्ठी लिहून बाटलीला चिकटवायची आणि सगळ्यांना दिसेल अशी मागच्या फळीवर ठेवायची. पत्ता गिऱ्हाइकानं नंतर कळवायचा.

पहिले काही दिवस पाहणारा एकच होता, आणि तो स्वयंपाकघरात बसलेल्या मारिवेलचा दुसरा फोन होता. कानोरनं मगर सांगितली. फोन गप्प. मगर वाढवली. फोन गप्पच. कबरीपुढे तोंड वेडंवाकडं करावं तसं त्याला झालं.

मग एका दुपारी पडद्यावर एक झुंजीचा कोंबडा उगवला. माणसाचा फोटो नाही, नुसता कोंबडा. नाव राजा तांबडा. त्यानं लिहिलं, "लबाड! ती मगर माझ्या काकाची. तिला मिशा होत्या."

कानोर स्टुलावरून उडालाच. "होत्या तर! मीच कापल्या. लग्नाला जायचं होतं तिला."

"माझ्याच लग्नाला आली होती. तरीच नवरी पळाली."

"पळाली कुठे? मगरीनं तिला नीट घरी सोडली, भाडंही घेतलं नाही."

"हरलो, लोलो. माईन."

त्या दिवसापासून रोजची जुगलबंदी ठरली. ती बघायला जेद्दाहचे स्वयंपाकी आले, लंडनच्या नर्सा आल्या, सेबूच्या दोन शाळामास्तरणी तर घंटा व्हायच्या आधीच येऊ लागल्या. हसता हसता लोक 'माईन' लिहीत. मारिवेल बाटल्या बांधता बांधता दमून जाई आणि कानोर सकाळी खाडीतल्या ताडांची नीरा काढायला जातानाच आजची थाप मनात घोळवी. कोंबडा तिला कुठे तोडेल तेही ताडून ठेवी.

एकच अडचण होती. राजा तांबड्यानं पत्ता कधीच कळवला नाही. त्याच्या नावाच्या बाटल्यांनी अख्खी फळी भरली. अशा हौसेपुरतं 'माईन' म्हणणाऱ्याला तिकडे 'हौशी' म्हणतात. त्याला चारचौघांत नाव घेऊन खडसावायचं आणि ब्लॉक करायचं, ही लाइव्हवाल्यांची रीत.

एवढ्यात मनिलाच्या एका मोठ्या दुकानाकडून विचारणा आली. शिरका ते ठेवणार होते, पण आधी पान स्वच्छ हवं. 'माईन' झालेली प्रत्येक बाटली पोचलेली हवी, हौशी एकही नको.

"उद्या त्या कोंबड्याला काढा," मारिवेल म्हणाली.

"अगं, तो गेला तर माझ्याशी भांडेल कोण?"

"आणि दुकान गेलं तर मी इथे राहून काय खाऊ, रांजणातले बुडबुडे? मला परत मनिलाला नोकरी शोधावी लागेल, तियो."

दाराशी कानोरच्या चपलांशेजारी तिच्या चपला होत्या. मेजावर दुसरं ताट होतं. त्यानं पुन्हा एकदा दोन्ही पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लाइव्हमध्ये त्यानं थाप मारलीच नाही. सरळ विचारलं, "राजा, पत्ता दे बाबा."

कोंबड्यानं लिहिलं, "लोलो, मी जहाजावर असतो. पत्ता काय सांगू, समुद्र? घरी बाटली घ्यायला कुणी नाही. फळीवर माझं नाव दिसतं, तेवढं पुरे होतं मला."

"सगळे हौशी असंच रडतात," मारिवेल कॅमेऱ्याबाहेरून कुजबुजली. "दाबा, तियो. दुकानवाले बघताहेत."

कानोरनं घसा खाकरला. आयुष्यभर तो खोटं बोलला होता, पण कुणाला लागेल असं कधी नाही. "राजा तांबडा हे फसवं गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

कोंबडा दिसेनासा झाला.

दुकानानं शिरका घेतला. इतका घेतला, की खपावर लक्ष ठेवायला तिथेच कुणीतरी हवं, असं त्यांनी कळवलं. मारिवेलनं पेटी भरली.

"आता कशाला जातेस? दुकान तर आलं ना?"

"आलं म्हणूनच तियो! आणि रोज दिसालच की तुम्ही मला फोनवर."

बस वळणाआड गेल्यावर कानोर घरी येऊन फोनशी झटत बसला. शेवटी मारिवेलनंच मनिलाहून कोंबड्याचा ब्लॉक काढून दिला. कानोरनं निरोप धाडला, "राजा, बाटल्या फळीवरच आहेत." उत्तर आलं नाही. जहाज कुठल्या पाण्यात होतं कोण जाणे.

आता लाइव्हला हजारो लोक येतात. परवा कानोरनं त्यांना सांगितलं, की शिरका चाखलेल्या बकरीनं निवडणूक लढवली. पडद्यावर पसंतीचे लाल बदाम वर तरंगत गेले. निवडून आली, म्हणाला. आणखी बदाम. जिथे कुणीतरी तोडायला हवं होतं तिथे तो थांबला, वाट पाहिली, आणि पुढची नावं पुकारू लागला.

मिलानहून एका बाईनं लिहिलं, "लोलो, घरी कोण कोण असतं तुमच्याकडे?"

कानोरनं मागे वळून पाहिलं. "कोण कोण काय विचारतेस पोरी! पाय ठेवायला जागा नाही. बायको आत मासे तळतेय, नातवंडं खांद्यावर नाचताहेत, शेजारी जेवल्याशिवाय उठायला तयार नाहीत. या गलक्यात माझं मलाच ऐकू येत नाही बघ."

कुणीतरी 'लबाड!' लिहील म्हणून तो पडद्याकडे डोळे लावून बसला.

बदामच बदाम आले. सगळ्यांचा विश्वास बसला होता.