ताडपत्रीखालची निळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. नाक लांबलचक, दरवाजे दोनच आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. माझ्यासारखीला लोक 'मसल कार' म्हणतात, म्हणजे दंडावर बेटकुळ्या असलेली गाडी. आज त्या बेटकुळ्यांना इतकी भोकं पडली आहेत की त्यांतून मांजरीची पिल्लं ये-जा करतात. तरी मी माझी ओळख तशीच करून देते. निवृत्त झालेली माणसंसुद्धा जुना हुद्दा सांगतातच की.

माझा जन्म अमेरिकेतला, पन्नास वर्षांपूर्वीचा. कारखान्यातून निघताना मला गडद निळा रंग मिळाला होता. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या गाडीच्या काचा थरथरल्या आणि मला ते फार आवडलं. मग एका तेल कंपनीच्या साहेबाबरोबर जहाजात बसून मी अबू धाबीला आले. त्या काळी इथे रस्ते थोडे होते. साहेब मला मोकळ्या रस्त्यावर सुसाट सोडायचा आणि दोन्ही बाजूंची वाळू मागे पळायची. साहेब मायदेशी गेल्यावर मी या हातातून त्या हातात फिरत राहिले आणि शेवटी दुबईत एका दलालाच्या आवारात उन्हात उभी राहिले.

तिथे मला मुरलीधरने पाहिलं. फलटणचा हा सडपातळ तरुण खोर फक्कानच्या बंदरात लागणाऱ्या बोटींना भाजीपाला आणि दोरखंड पुरवायचा. त्याचं लग्न नुकतंच ठरलं होतं. त्याने माझ्याभोवती चकरा मारल्या, निघून गेला, परत आला आणि बॉनेटवर हात ठेवून दलालाला म्हणाला, "पेट्रोल बहुत पियेगी, मालूम है. लेकिन लेनेका है." माझ्याविषयी इतकं प्रेमाने आजवर कुणी बोललं नव्हतं.

लग्नानंतर कुंदा आली ती माझ्यातूनच. मुरलीधरने तिला विमानतळावरून घेतलं आणि आम्ही डोंगरातल्या रस्त्याने खोर फक्कानला निघालो. ती वेंगुर्ल्याची, समुद्राकाठी वाढलेली. वाटेतले उघडेबोडके डोंगर बघून ती हिरमुसली होती. शेवटच्या वळणावर एकदम समुद्र दिसला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, थांबवा ना जरा." दोघांनी माझ्या बॉनेटवर टेकून चकल्या खाल्ल्या. गरम पत्र्याचा चटका बसला तरी ती उठली नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले.

पहिली काही वर्षं मजेत गेली. सुट्टीच्या दिवशी आम्ही बर दुबईला देवळात जायचो आणि मीना बाजारात साड्या बघायचो. परतताना कुंदा खिडकी पूर्ण खाली करून बसायची. मुरलीधर म्हणायचा, "धूळ येते आत." ती म्हणायची, "येऊ दे."

माझा घात केला तो एका कौतुकाने. पेट्रोल पंपावर एक वयस्कर अरब गृहस्थ मला बघून थांबले. त्यांनी मला डोळे भरून पाहिलं आणि मुरलीधरला सांगितलं, "ऐसा गाडी अब नहीं बनेगा. संभालके रखना." मुरलीधरने ते शब्द मनावर घेतले. पुढच्याच महिन्यात त्याने रोजच्या वापराला एक छोटी जपानी गाडी घेतली आणि घराच्या आवारात माझ्यावर घालायला ताडपत्री आणली.

तुम्हाला त्या घराची रीत सांगायला हवी. तिथे चांगल्या वस्तूला वापरात यायची मुभाच नव्हती. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला चादर, नक्षीचे कप कपाटात आणि चहा स्टीलच्या पेल्यात. मुरलीधर वाईट नव्हता, प्रेमळच होता. ज्याच्यावर जीव जडला ते जपून ठेवायचं, एवढंच त्याला माहीत होतं. त्याने माझ्या सीटांना शारजाहून नवी कव्हरं शिवून आणली आणि त्यांवरचं प्लॅस्टिक तसंच राहू दिलं. आत बसायचं तर चप्पल बाहेर काढायची, असा नियमही केला.

वर्षातून एकदाच, दसऱ्याला, ताडपत्री निघायची. मुरलीधर मला धुवायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचा, मीना बाजारातून आणलेला झेंडूचा हार घालायचा. चाकांखाली लिंबं ठेवली जायची. मी इंजिन गरजवत पुढे व्हायचे, लिंबं चिरडायचे आणि तशीच मागे यायचे. तेवढीच माझी धाव. डांबरी रस्ता आवाराच्या फाटकापलीकडेच होता आणि त्यावरून जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांचा मला हेवा वाटायचा.

ती ताडपत्री बघून कुंदा पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "समुद्राकाठी लोखंड असं झाकून ठेवायचं नसतं हो. आत दमट हवा कोंडते. आमच्याकडे बोटीचं सामान उघड्यावर ठेवून रोज पुसतात."

"फलटणला ट्रॅक्टर झाकूनच ठेवतो आम्ही," मुरलीधर म्हणाला. "काही होत नाही."

फलटणची हवा कोरडी. ते त्याच्या लक्षात आलं नाही आणि कुंदानेही वाद वाढवला नाही.

मग कुंदाने गाडी चालवायचा परवाना मिळवला. इथे तो सहजासहजी मिळत नाही. ती पुन्हा पुन्हा नापास झाली आणि पुन्हा पुन्हा परीक्षेला बसली. पास झाली त्या दिवशी ती घरात न जाता थेट माझ्याकडे आली, ताडपत्री बाजूला सारून स्टिअरिंगवर बसली. मुरलीधर धावत आला. "आधी त्या छोट्या गाडीवर हात बसू दे," तो म्हणाला. "मग ही आहेच." पुढे मुलीच्या, रिद्धीच्या, शाळेचं कारण झालं, मग तिच्या लग्नाचं. लग्नात मला हार घालून नेणार होते, पण त्या दिवशी वारा सुटला होता आणि माझ्या रंगाला वाळू लागेल म्हणून दुसरी गाडी बोलावली.

मित्रांनो, अंधारात राहून मला रस्त्याची फार आठवण यायची. पुढेपुढे दसऱ्याचा हारही ताडपत्रीवरूनच पडू लागला आणि चाकांतली हवा गेली. पावलांखालून, म्हणजे माझ्या तळाकडून, गंज वर चढू लागला. त्याचा आवाज होत नाही आणि तो दुखतही नाही, फक्त आपण थोडे थोडे कमी होत जातो. संध्याकाळी कधीतरी कुंदा यायची, ताडपत्रीचं टोक उचलून माझ्या दारावर हात ठेवायची आणि उभी राहायची. तिलाही जायचं होतं, हे मला त्या हातावरून कळायचं.

अशी कितीतरी वर्षं गेली. यंदा मुरलीधरने धंदा विकला. दोघांचा व्हिसा संपत आला होता. फलटणला घर तयार होतं, सामान बांधून झालं होतं आणि आवार जागामालकाला परत द्यायचं होतं. अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीहून, सासरहून, रिद्धी मदतीला आली. जागामालकाची मुलगी एमान हीसुद्धा आली, कारण तिचं जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे आणि मुरलीधरने तिला मला बघायला बोलावलं होतं. त्याच्या मनात मी अजून तशीच निळीशार होते.

एमानने ताडपत्री ओढली. वरचा रंग बऱ्यापैकी टिकला होता, म्हणून मुरलीधर हसला. मग एमान खाली वाकली आणि तिने दाराखालच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"मुरली अंकल," ती हळूच म्हणाली, "ऊपर पेंट है, नीचे बिस्कुट है."

मुरलीधर जमिनीवर बसला. त्याने भोकात बोट घातलं आणि हातात आलेला तांबडा भुगा बघत राहिला. "मी तर हिला जपलं होतं," तो म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण कीव आली.

"बचेगी?" त्याने विचारलं.

"बचेगी, इन्शाल्ला. फ्लोअर नया, साइड का पत्रा नया, पीछे का पूरा नया. आठ-दस महिना लगेगा."

"बाबा, बी प्रॅक्टिकल," रिद्धी म्हणाली. "इट्स ऑल रस्ट आता. तुमची तीन आठवड्यांनी फ्लाइट आहे. स्क्रॅपला देऊन टाकू ना."

मुरलीधर उठून उभा राहिला. "मी मागे थांबतो, रिद्धीकडे राहतो," तो म्हणाला. "कुंदा, तू पुढे हो फलटणला. गाडी झाली की मी येतोच."

खोटं कशाला बोलू? मी खूश झाले. नवा पत्रा, नवा रंग, पुन्हा तरुण. मला जगायचं होतं.

कुंदा एका उलट्या क्रेटवर बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे आता इतकी वर्षं झाल्यावर मी एकटी जायचं आणि तुम्ही हिच्याजवळ बसायचं."

"आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"मला नवी कोरी गाडी नकोय. मला हिच्यात बसून एकदा समुद्राकडे जायचंय आणि मी चालवणार आहे. फलटणला समुद्र नाही. हिला वाचवायचं की मला हिच्यातून जाऊ द्यायचं, ते आज ठरवा."

"कुंदा, भोकं पडलीत. खालचा रस्ता दिसतोय."

"दिसू दे. रस्ताच बघायचाय मला."

रिद्धीने मधला मार्ग काढला. आधी आईला चालवू दे, मग गाडी दुरुस्तीला घ्या. एमानने मान हलवली. "फ्रेम भी सडा हुआ है, दीदी. ऐसे चलाया तो टूट सकता है. टूटा तो फिर कोई नहीं बचाएगा. मैं भी नहीं." हे ऐकून मी घाबरले. लिंबांपुरती का होईना, जगलेली बरी, असंही क्षणभर वाटून गेलं.

मुरलीधर माझ्याभोवती हळूहळू फिरला. दलालाच्या आवारात फिरला होता तसाच, पण आता त्याचे गुडघे दुखत होते. त्याने दार उघडलं, आत वाकला आणि सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडून काढलं. मग तो एमानला म्हणाला, "इंजिन चालू कर दो. बस."

खोर फक्कानच्या उत्तरेला एमानच्या घरच्यांची खजुराची बाग आहे. तिच्यातून त्यांचा खासगी कच्चा रस्ता समुद्रापर्यंत उतरतो. एमानने माझं इंजिन खोलून चालू केलं, ब्रेक दुरुस्त केले, तळाला तात्पुरता पत्रा ठोकला आणि ट्रकवर घालून मला तिथे नेलं. कुंदा स्टिअरिंगवर बसली. मुरलीधर शेजारी बसला. तिच्या पायातल्या चपलांकडे बघून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"यल्ला, खाला," म्हणजे चला मावशी, असं एमान म्हणाली.

कुंदाने चावी फिरवली. मी दोनदा खोकले आणि मग असा आवाज केला की झाडांवरची सगळी कबुतरं उडाली. आम्ही निघालो. माझा एकेक सांधा कुरकुरत होता. दगडावर आपटून तळाचा पत्रा पडला आणि धूळ आत येऊ लागली. कुंदाने खिडकी आणखी खाली केली. इतक्या वर्षांत मला जे हवं होतं ते सगळं त्या एका उतारावर मिळालं.

समुद्र दिसल्यावर तिने मला थांबवलं, पण इंजिन बंद केलं नाही. मुरलीधरने आपल्या बाजूची काच खाली केली.

"मी फार उशीर केला ना?" मुरलीधरने विचारलं.

"केलात," कुंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आता बोलू नका. समोर बघा."

परतताना चढावर माझी फ्रेम मोडली. मागची बाजू खाली बसली आणि दार वाकडं झालं. एमानने खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. मी जिथे थांबले तिथेच, खजुराच्या सावलीत, आजही उभी आहे. इंजिन मात्र धड आहे.

जायच्या आदल्या दिवशी दोघं निरोप घ्यायला आली. मुरलीधरने सवयीने चावी काढून खिशात टाकली. कुंदाने हात पुढे केला, त्याच्याकडून चावी घेतली आणि पुन्हा जागेवर लावली. "राहू दे इथेच," ती म्हणाली. "कुणाला वाटलं तर सुरू करील." मग तिने माझ्या दारावर हात ठेवला आणि दोघं एमानच्या गाडीत बसून गेली. मला तिची रोज आठवण येते.

बागेत येणारे पाहुणे मला बघून वाद घालतात. काही म्हणतात, अशी गाडी वाचवायला हवी होती. काही म्हणतात, एवढ्या गंजावर कोण मेहनत घेणार? मित्रांनो, मला वाचवणं फार सोपं होतं. आठवड्यातून एकदा फाटकाबाहेर काढायचं, काचा उघडायच्या आणि परत आल्यावर पुसून ठेवायचं. तुमच्या घरात जे आवडीचं असेल ते बाहेर काढा. त्यावर ओरखडे पडू द्या. आणि कुणी "अहो, थांबवा ना जरा" म्हणालं, तर थांबा.

कधी इकडे आलात तर बागेत या. दार अडकतं, जरा जोराने ओढा. चावी लावलेलीच आहे.