दादाच्या वजनावर

"हळू, बाई, हळू," असं पुटपुटत लेव्हलभाऊंनी जॅक सैल केला आणि सहा वर्षं ठोकळ्यांवर अडकून पडलेली लाल टू-सीटर आपल्या चाकांवर टेकली. मागचं सस्पेन्शन कालच पुन्हा बसवून झालं होतं. सांध्यांतले रबरी बुश नवे, शॉक ॲब्सॉर्बर नवे, स्प्रिंगा रंगवलेल्या. भाऊंनी मागची बाजू दोन्ही हातांनी दाबून सोडली. गाडी एकदाच वर आली आणि गप्प उभी राहिली. त्यांना शिट्टी वाजवावीशी वाटली, पण पुढचे दोन दात गेल्यापासून ती वाजत नसे.

बसच्या आगारात तीस वर्षं सस्पेन्शनचं काम केलेल्या या माणसाच्या खिशात कायम एक छोटी लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी असे, म्हणून हे नाव. कुणाकडे गेले तरी आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतात आणि मग पाणी मागतात, असं वहिनी तिखटमीठ लावून सांगायच्या.

गाडी दादाची, म्हणजे थोरल्या भावाची. मागचं चाक धरणारा आर्म वाकला, पार्ट मिळेनात, आणि ते जुळवून आणेपर्यंत दादाच आजारी पडला. संसर्गाच्या भीतीनं तीन महिने त्याला भेटायलाही बंदी होती. काल डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि आज तो येणार होता. भाऊ पहाटेपासून चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले होते.

इतकी हलकी गाडी चालवणाऱ्याच्या वजनावरच लावायची, असा भाऊंचा नेम. त्यांनी फोनवर वहिनींना दादाचं वजन विचारलं होतं. "पंच्याऐंशी," त्या चटकन म्हणाल्या होत्या. तेवढी वाळू मोजून पोती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, स्प्रिंगखालच्या कड्या फिरवून उंची जुळवली आणि गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये, उतरून बुशचे बोल्ट आवळले. ते बोल्ट गाडी वजन घेऊन उभी असतानाच आवळायचे, नाहीतर रबर पिळवटून बसतं. मागे लेव्हल धरली, तर बुडबुडा बरोबर मधोमध.

टॅक्सी आली. वहिनींच्या हाताला धरून दादा उतरला. त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. भाऊंनी घाईघाईनं गाडीकडे पाहिलं आणि पोती उतरवायला घेतली.

"आधी बस तर खरा," ते म्हणाले.

दादा बसला. स्टिअरिंगवर हात ठेवताच लहान मुलासारखा हसला. भाऊ मागे वाकले. ड्रायव्हरची बाजू बोटभर वर राहिली होती. त्यांनी लेव्हल पुसून पुन्हा धरली.

"काय रे, तोंड का उतरलं?" दादानं विचारलं.

"गाडी वाकडी आहे. माझंच चुकलंय कुठेतरी."

वहिनींनी त्यांना बाजूला ओढलं. "भावजी, तुमचं नाही चुकलं. मी फोनवर खोटं बोलले. हे समोरच बसले होते हो. यांच्यादेखत अठ्ठावन्न कसं म्हणणार?"

दादाचे कान मात्र तिखट होते. "अगं, काट्यावर मीच उभा राहतो ना? मला माहीत नाही होय?" मग भावाकडे वळून तो सहज म्हणाला, "बोटभरानं काही अडत नाही. नाहीतर असं कर, तुझ्याच वजनावर लाव. पुढे तूच चालवणार आहेस."

भाऊंना राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यानं धड काहीच जमेना.

"अठ्ठावन्नवर लावतो," ते म्हणाले.

"आणि वजन वाढलं तर?"

"परत लावीन."

"कमी झालं तर?"

"परत लावीन. मला दुसरा उद्योग काय आहे?"

बोल्ट ढिले झाले, गाडी उचलली, कड्या फिरल्या, गाडी खाली आली, पुन्हा उचलली. या वेळी पोती नव्हती; प्रत्येक वेळी दादाच सीटवर बसला. भाऊ पिटमध्ये बोल्ट आवळत होते आणि डोक्यावरच्या पत्र्यातून दादाची बडबड ऐकू येत होती: कोणत्या वळणावर गाडी कशी पळायची, कोण मागे पडायचं.

"हलू नकोस," भाऊ खालून ओरडले.

"श्वास घेऊ का?"

"जपून घे."

बुडबुडा मधोमध आला. दादानं इंजिन सुरू केलं तशी अख्खी शेड घुमली आणि वहिनींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. हसत मात्र होत्या.

"चल, बस शेजारी," दादा म्हणाला.

भाऊ सहा वर्षं याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांचा हात दारापर्यंत गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला. "मी बसलो की तोल जाईल. तुझी तू जा. एक चक्कर मारून ये."

गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावर भर वेगात वळली. मागची बाजू जराही कलली नाही.

"नीट चालवतायत ना हो?" वहिनींनी विचारलं.

फाटकात येऊन उभ्या राहिलेल्या भाऊंना फक्त मागची दोन चाकं दिसली होती, आणि डोळे भरल्यानं तीही धड नाही.

"उत्तम," ते म्हणाले, आणि गाडी परत येईपर्यंत फाटकातून हलले नाहीत.