एवारिस्तोचा खिळा

एवारिस्तो बुएल्ना सोळा वर्षांत एकोणीस संघांकडून बेसबॉल खेळला, आणि एकाही संघाच्या फोटोत तो नाही. त्याला तो नशीब म्हणे. त्याची सासू त्याला पुरावा म्हणे.

सासूची, म्हणजे दोन्या एल्पिदियाची, पुएर्तो कांदेलाच्या धक्क्यावर खानावळ होती. तिथल्या भिंतीवर घरातला प्रत्येक पुरुष आपापल्या कंपूसोबत टांगलेला होता. दिवंगत सासरे मच्छीमार सोसायटीसोबत. थोरला मेव्हणा अग्निशमन दलासोबत. धाकटा मेव्हणा बँडसोबत. त्याला वाजवता काही येत नव्हतं, पण फोटोत हातात तुतारी होती. शेवटचा खिळा एवारिस्तोचा, लग्नाच्या वर्षी ठोकलेला. त्यावर तेव्हापासून बर्फाच्या कारखान्याचं कॅलेंडर लटकत होतं.

"कॅलेंडर तरी दर महिन्याला पान उलटतं," ती म्हणायची. "तुझं काय?"

"मी संघ उलटतो, सासूबाई."

गिऱ्हाइकांना मात्र ती सांगायची की जावई फिरतीवर असतो, बहुतेक गाद्या विकतो.

अडचण अशी होती की संघाचा फोटो निघतो जुलैतल्या एका रविवारी, आणि खेळाडूंची देवाणघेवाण संपायची मुदतही त्याच आठवड्यातली. एवारिस्तो मैदानाच्या मधल्या लांबच्या टोकाला उभा राहून चेंडू झेलणारा. प्रत्येक संघाला तो हवासा वाटे आणि कुणाचंच त्याच्यावाचून अडत नसे. असा माणूस देवाणघेवाणीला फार सोयीचा. एकदा त्याला एका जुन्या बसच्या बदल्यात दिलं. नव्या संघापाशी मग बसच उरली नाही. पूर्ण हंगाम ते टरबुजांच्या ट्रकमधून फिरले, आणि प्रत्येक खड्ड्याला सगळे एवारिस्तोकडे बघायचे. एकदा तो फोटोत खरोखर आला होता, पण फोटो छापून येईपर्यंत संघाने त्याला सोडलं होतं. त्याच्या जागी टायरची जाहिरात चिकटवली.

आता अडतीस वर्षं झाली होती आणि गुडघे बोलायला लागले होते. हा शेवटचा हंगाम, असं त्याने बायकोला, डोमितिलाला, सांगून टाकलं होतं. आणि याच हंगामात पहिल्यांदा तो आपल्या गावच्या संघात होता, कोळंबीवाल्यांच्या. डोमितिलाने फ्रेम आणून ठेवली होती. फोटोच्या रविवारी ती आईलाही मैदानावर घेऊन आली. म्हातारी सोळा वर्षांत पहिल्यांदाच आली होती, चर्चचा झगा घालून.

दुपारी तीनला मॅनेजर डॉन नाबोर एवारिस्तोच्या कपाटापाशी आला.

"एवारिस्तो, बस."

"बसलोय."

"मग उभा राहा. तुला दिला."

"कुणाला?"

"कापूसवाल्यांना."

"आज आपली मॅच त्यांच्याशीच आहे ना?"

"म्हणून तर. प्रवासाची दगदग नाही."

एवारिस्तोने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "बदल्यात काय आलं?"

"डावखुरा पिचर."

"आणि?"

डॉन नाबोरने छताकडे बघितलं. "बर्फाचं मशीन. चांगलं आहे रे, घों-घों करत नाही."

"तासाभराने दिलं असतं तर? फोटो झाल्यावर?"

"मालकांना फोटोत मशीन हवंय."

"कापूसवाल्यांचा फोटो कधी?"

"झाला. गेल्या रविवारी."

एवारिस्तो पिशवी उचलून मैदान ओलांडून समोरच्या बाकावर गेला. एकोणीस संघांतला हा सगळ्यात छोटा प्रवास. कापूसवाल्यांनी त्याला दिलेली जर्सी ओचोआ नावाच्या बारक्या माणसाची होती आणि बेंबीपाशी संपत होती.

"अगं, त्याने शर्ट का बदलला?" दोन्या एल्पिदियाने विचारलं.

"त्याला देऊन टाकलं, आई."

"आजच?"

"आत्ताच."

म्हातारीने पंखा मिटला. "आणि ते पांढरं कपाट कोण?"

"त्याच्या बदल्यात आलेलं."

चार वाजता कोळंबीवाले दुसऱ्या बेसजवळ तीन रांगांत उभे राहिले, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ मोकळ्या मैदानाकडे. पुढे मधोमध बर्फाचं मशीन. फोटोग्राफर डॉन फेर्मिन घाईत होता. रिळात एकच फोटो उरला होता आणि त्याला बाप्तिस्म्याला जायचं होतं.

मागे लांब मैदानात कापूसवाले सराव करत होते. त्यांचा एक माणूस कडेच्या रेषेवरून उंच चेंडू मारत होता, बाकीचे झेलत होते. एवारिस्तो आपल्या जुन्या जागी, मधोमध उभा होता. फोटोत आपण आलोच तर तिळाएवढे येऊ, असा त्याने हिशोब केला. तीळ फ्रेममध्ये लावायचा तर सासूला भिंग द्यावं लागलं असतं.

तेवढ्यात मारणाऱ्याचा हात घसरला. चेंडू वर गेला, वाऱ्याने आत ओढला आणि कोळंबीवाल्यांच्या डोक्यांच्या दिशेने खाली यायला लागला.

एवारिस्तोने विचार केला नाही. गुडघ्यांनाही विचारलं नाही. तो सुटला, आणि सोळा वर्षं जे ओरडत आला तेच ओरडला: "माझा!"

मैदानावर याच्यापुढे दुसरा कायदा नाही. उंच चेंडूवर मधल्या मैदानवाल्याने 'माझा' म्हटलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. न होणाऱ्यांचे दात पडतात, आणि पडलेले दात घेऊन पुढे तेच कोच होतात. कोळंबीवाल्यांनी हे आठव्या वर्षापासून अंगी बाणवलेलं. आवाज ओळखीचा, तीन महिने रोज ऐकलेला. कोण कुठल्या संघात आहे हे बघायला कुणी थांबलं नाही. तिन्ही रांगा मधोमध फाटल्या. कुणी वाकलं, कुणी डोकं धरलं, डॉन नाबोर गुडघ्यांवर आला. आणि त्या फटीतून एवारिस्तो हवेत आला.

क्लिक.

"झाला," डॉन फेर्मिन म्हणाला आणि तिवई मिटायला लागला.

"झाला काय? पुन्हा काढ," मॅनेजर जमिनीवरून म्हणाला.

"रीळ संपलं. बाळ वाट बघतंय."

डॉन नाबोर एवारिस्तोकडे वळला. "खरं सांग, हे ठरवून केलंस?"

"चेंडू माझा होता, डॉन नाबोर."

चेंडू खरोखरच त्याचा होता.

त्या दिवशीच्या मॅचमध्ये तो सवयीने दोनदा चुकीच्या बाकावर जाऊन बसला. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला बर्फाचं पाणी दिलं. मशीन खरंच घों-घों करत नव्हतं.

गुरुवारी फोटो आला. अठरा माणसं पळताना, एक मशीन ताठ उभं, आणि वर, परक्या जर्सीत, बेंबी उघडी, हात लांबवलेला, ग्लोव्हमध्ये चेंडू.

दोन्या एल्पिदियाने चष्मा पुसून पाहिलं. "हे सगळे काय करतायत?"

"घाबरलेत," डोमितिला म्हणाली.

"आणि हा?"

"काम करतोय."

म्हातारीने स्टुलावर चढून स्वतः कॅलेंडर काढलं आणि जावयाच्या हातात दिलं.

"हे कुठे लावू, सासूबाई?"

"बघ कुठेतरी. दर महिन्याला नवी जागा शोधायची, तुला शिकवायला नको."

फ्रेम खिळ्यावर बसली. खालच्या टेबलावर कोळंबीचा रस्सा ओरपणाऱ्या गिऱ्हाइकाने मान वर करून विचारलं, "हा उडणारा कोण?"

"माझा," दोन्या एल्पिदिया म्हणाली.

गिऱ्हाईक वाडगा घेऊन झटकन बाजूला झालं. तरुणपणी तोही खेळला होता.