रूपाच्या बाजूची जागा

गॅदरिंग जवळ आलं की आमचे मुख्याध्यापक तोताराम सर माझ्याकडेच बघतात. मराठी शिकवणारी बाई म्हणजे नाच, रांगोळी, पाहुण्यांचा नारळ, सगळं तिच्याच गळ्यात. यंदा वर भाषणही ऐकवलं, "कोकिळा मॅडम, मुलांना एकमेकांची संस्कृती कळली पाहिजे. पावरा नृत्य बसवा."

कळली पाहिजे म्हणे! शिरपूरच्या आमच्या शाळेत, आठवीच्या वर्गात डोंगरातल्या पावरा आदिवासी पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी एकच मुलगी, रूपा पावरा. तिच्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही. मी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर थकले.

नाच शिकवायला रूपाची आई दगडीबाई आली. होळीला त्यांच्याकडे बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून गोल धरतात आणि ढोलावर नाचतात. पहिल्याच दिवशी रूपाच्या एका बाजूला आई उभी राहिली. दुसऱ्या बाजूला तिच्याच वर्गातली मेघा होती. तिने हातरुमाल काढला, एक टोक रूपाला दिलं, दुसरं स्वतः धरलं. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, तेच मला जास्त लागलं.

दगडीबाईंनी रुमाल पाहिला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, आमनाकडे मझार जागा ठेवतस नही. एखादी दमनी ते ती निंघी जास, मंग बाजून्या दोन्ही जनी लगेच एकमेकीले धरी लेतस." म्हणजे एक निघाली की शेजारच्या दोघींनी मधली जागा भरायची.

सरांच्या कानावर घातलं, तर त्यांनी तोडगा काढला. हात धरायचेच नाहीत, पाहुण्यांकडे तोंड करून रांगेत नाचायचं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. संध्याकाळी रूपा म्हणाली, "मॅडम, होळीले घर गऊ का मी परत येवाव नही." होळीला गेली की परत येणारच नाही म्हणे! मी तिला वेडी म्हटलं आणि वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडून आले.

गॅदरिंगला ढोल सुरू झाला. पोरी रांगेत, हात आपापल्या कमरेवर. लेक अशी सुटी नाचताना दगडीबाईंना बघवलं नसावं. त्या सरळ स्टेजवर चढल्या आणि रूपाच्या कमरेत हात घातला. दुसरी बाजू रिकामीच राहिली. मेघा जमिनीकडे बघत होती. मग माझंच डोकं फिरलं. दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या देत मी गेले आणि रूपाला धरलं.

बाई नाचताहेत म्हटल्यावर पोरी खिदळत एकमेकींना बिलगल्या. गोल झाला, पाहुण्यांकडे पाठी झाल्या, सर विंगेतून हातवारे करू लागले. मेघाने येऊन माझ्या कमरेत हात घातला. एकीकडे रूपा, एकीकडे मेघा, आणि मधे मी, त्या हातरुमालासारखी.

ढोल चढला. अजून थोडा वेळ मी नाचले असते. पण "दमले गं बाई," म्हणत दोघींचे हात सोडवले आणि मागे सरले.

मधे जागा पडली. मेघा अडखळली. पलीकडून दगडीबाई ओरडल्या, "धर ना वो पोरी!" रूपाने हात पुढे केला नाही, ती समोर बघत नाचत राहिली. मेघाने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. परत पाहिलं तेव्हा तिचा हात रूपाच्या कमरेत होता, आणि रूपाने तिला घट्ट धरलं होतं.

विंगेत मी खुर्चीवर बसले, पदराने डोळे पुसले.

"मधेच का निघालात?" सरांनी विचारलं.

"दमले," मी म्हणाले. तेही काही खोटं नव्हतं.