विषय तुमची मर्जी

लातूरला येऊन मला थोडेच महिने झाले होते. जिल्हा नवा, मीही नवी. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही, म्हणून वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी प्रयोगांऐवजी प्रकल्प दिला. विषय ज्याचा त्याने निवडायचा. ‘ऐच्छिक’ म्हटलं तर कुणी काही करणारच नाही, म्हणून इथल्या बोलण्यातला शब्द वापरला. म्हटलं, “विषय तुमची मर्जी.”

वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटलं, विचार करताहेत.

शनिवारी विषय सांगायचे होते. आले ते माफी मागायला.

“चुकलं मॅडम,” श्रीमंत नावाचा मुलगा सगळ्यांच्या वतीने म्हणाला.

“काय चुकलं?”

“ते तुमालाच म्हाईत. पर लई चुकलं दिसतंय.”

कशाबद्दल ते न कळताच मी माफ केलं आणि विषय विचारले. एकामागून एक सगळ्यांनी पुस्तकातली जास्वंद सांगितली.

महानंदा तेवढी काहीच बोलली नाही. लातूरजवळच्या मुरुडची ही मुलगी वर्गात सर्वांत हुशार. विषय नाही तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्पाशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष वाया गेलं तर तिचे वडील, आप्पा, कॉलेज बंद करणार, हे तिनंच मला सांगितलं होतं. बाकीचे गेल्यावर मी तिला थांबवलं.

“तुला काय बघायचंय?”

“सगळं वाळलं, तरी बांधावरची रुई हिरवीगार कशी, ते. पर तुमी म्हणाल ते करते.”

“मग घे की रुई. तुझी मर्जी.”

तिचे डोळे भरले. “न्हाई मॅडम. जास्वंदच घेते.”

“अगं, पण का?”

“आमचे आप्पा असंच म्हणतेत. ‘जा, तुझी मर्जी.’ मग कोन जातंय?”

“मी खरंच रागावलेली नाही, महानंदा.”

“आप्पाबी असंच म्हणतेत.”

आता मात्र माझा आवाज चढला. “रुईच घ्यायची! जास्वंद आणलीस तर परीक्षेला बसू देणार नाही!”

तिचा चेहरा उजळला. “हाव मॅडम!” म्हणत ती पळालीसुद्धा.

मी तिला निवड दिली की काढून घेतली, मला कळेना. मान वर केली तर दारात श्रीमंत.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “मलाबी जरा रागवा की.”